नळीचा आठवा दिवस

अश्लेषा पाठकला आयसीयूतून काढून क्वालिटी विभागात टाकलं, तेव्हा तिला ती शिक्षा वाटली होती. सोळा वर्षं रुग्णांच्या उशाशी उभं राहिलेल्या नर्सला एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि जिन्याखालची खोली मिळाली. दीडशे खाटांच्या त्या खासगी रुग्णालयाला मानांकन हवं होतं, आणि मानांकनासाठी जंतुसंसर्गाच्या नोंदी ठेवणारं माणूस लागत होतं. ते माणूस म्हणजे ती.

तिनं मागच्या तीन महिन्यांचे कागद काढले. आयसीयूत दहा खाटा. फार आजारी माणसाच्या गळ्याच्या मोठ्या शिरेत औषधांसाठी एक नळी घालतात, तिला तिथं सगळे सेंट्रल लाइन म्हणतात. त्या नळीतून रक्तात जंतू गेलेले रुग्ण तीन महिन्यांत अकरा निघाले. त्यातले चार गेले होते. दोघांच्या वेळी ती स्वतः ड्यूटीवर होती. तेव्हा सगळे म्हणाले होते, पेशंट आधीपासूनच सीरियस होता. तीही तेच म्हणाली होती.

तिचा नवरा श्रीरंग वाळूजला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचं बघायचा. पुंडलिकनगरच्या घरी जेवताना तिनं त्याला आकडा सांगितला.

"अकरा?" श्रीरंग म्हणाला. "आमच्याकडं अकरा पार्ट गिऱ्हाइकाकडून परत आले तर प्रॉडक्शनची लाइन थांबवतात."

"ही माणसं आहेत, श्रीरंग. पार्ट नाहीत."

"म्हणून तर विचारतोय. कुणी थांबवलं का काही?"

जेवण झाल्यावर त्यानंच वही पुढं ओढली. "माणसाला दोष द्यायचा नाही. नुसतं विचारत जायचं, का? पाच वेळा. सहाव्यांदा विचारावं लागलं तर तेही."

दुसऱ्या दिवशी ती आयसीयूत जाऊन तसं विचारत सुटली. जंतू का गेले? नळीवरची पट्टी ओली होऊन सुटली होती. बदलली का नाही? नवी पट्टी हाताशी नव्हती. का नव्हती? स्टोअरच्या कपाटातून आणावी लागते. मग आणली का नाही? कपाटाची किल्ली इनचार्ज सिस्टरकडं, आणि त्या दुपारी तीनला घरी जातात. कुलूप का? दोन वर्षांपूर्वी सामान गहाळ झालं होतं, तेव्हापासून.

"म्हणजे पेशंटच्या रक्तातला जंतू कपाटाच्या कुलपातून आला," संध्याकाळी घरी हे ऐकून श्रीरंग म्हणाला.

तिनं एक ट्रॉली बनवून घेतली. पट्ट्या, हातमोजे, स्पिरिटचे बोळे, सगळं एका जागी, कुलूप नाही. प्रत्येक खाटेला एक तक्ता अडकवला. दर चार तासांनी नर्सनं बघायचं, पट्टी कोरडी आहे का. औषध देण्याआधी हात धुतले का. नळीच्या तोंडावर बोळा पंधरा सेकंद घासला का. केलं की खूण करायची. आणि सकाळच्या राउंडला नर्सनं डॉक्टरांना एक प्रश्न विचारायचाच: आज ही नळी हवीच आहे का? नळी जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त. पण ती काढायचा आदेश फक्त डॉक्टर देऊ शकतात, आणि विचारल्याशिवाय ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

पहिले काही आठवडे सगळ्यांनी नाकं मुरडली. एक मोठे सर्जन तर म्हणाले, "आता सिस्टर मला हात धुवायला शिकवणार." पण त्यांनी हात धुतले. पुढच्या तिमाहीत अकराचे पाच झाले. मग दोन. मग सलग चार महिने एकही नाही. आयसीयूच्या भिंतीवर तिनं आलेख लावला होता. महिना संपला की नर्स मुली स्वतःच त्यावर ठिपका काढायच्या आणि कुणाच्या पाळीत किती याच्यावरून एकमेकींना चिडवायच्या. त्या चार महिन्यांत अश्लेषाला पहिल्यांदा वाटलं, की जिन्याखालच्या खोलीतूनही माणसं वाचवता येतात.

मानांकनाचं पथक आलं, आलेखासमोर थांबलं, फोटो काढून गेलं. प्रमाणपत्र रिसेप्शनच्या मागं लागलं. दीड महिन्यानं आयसीयूच्या दहा खाटांच्या सोळा झाल्या.

नर्स तेवढ्याच राहिल्या. तेवढ्याही नाहीत, शिकून तयार झालेल्या तिघी पुण्याला गेल्या, एक दुबईला. आधी एका नर्सकडं दोन रुग्ण असायचे, आता पाच, कधी सहा. अश्लेषा रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हिमांशू रत्नपारखी यांच्याकडं गेली. ते वाईट माणूस नव्हते. तिच्या सासऱ्यांचं ऑपरेशन त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन केलं होतं.

"सर, एका रुग्णाचा तक्ता नीट पाळायचा तर एका पाळीत दीड तास लागतो. मी घड्याळ लावून मोजलंय. सहा रुग्ण असतील तर नऊ तास झाले. पाळी आठ तासांची आहे. औषधं, इंजेक्शनं वेगळीच."

"मला मुली आणून दे, मी आज घेतो," डॉक्टर म्हणाले. "जाहिरात दिली. दोघी आल्या, एक चार दिवसांत गेली. आणि खाटा कमी ठेवू म्हणतेस? काल जालन्याहून एक पेशंट ॲम्ब्युलन्समध्ये दोन तास दारात होता. त्याला काय सांगू, आमचा आलेख बिघडतो?"

तिनं वेळेच्या हिशोबाचा कागद त्यांच्यापुढं ठेवला.

"होईल," ते म्हणाले. "सिस्टिम बसलीय आता. तूच बसवलीस."

आवडाबाई आल्या त्या पुढच्या महिन्यात. शेंद्र्याच्या. वय छप्पन्न. आतड्याला भोक पडून पोटभर पू झाला होता. ऑपरेशन झालं, आणि त्यांना आयसीयूत सात नंबरच्या खाटेवर ठेवलं. गळ्यात नळी होती. पहिले तीन दिवस कुणी काही सांगत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडून पाणी मागितलं. पाचव्या दिवशी नवऱ्याला विचारलं, म्हशीला कोण बघतंय.

नवरा नानासाहेब दिवसभर आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून असायचे. आत जाताना हात कसे धुवायचे हे अश्लेषानंच त्यांना पहिल्या दिवशी दाखवलं होतं. ते धोतर सावरून बेसिनशी उभे राहत, तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, एक एक करून घासत आणि मोठ्यानं वीसपर्यंत मोजत. त्यांचं मोजणं चालू असताना डॉक्टर, वॉर्डबॉय, एक्स-रेवाला त्यांच्या मागून तसेच आत जायचे. एकदा त्यांनी अश्लेषाला विचारलं, "बाई, ह्या लोकायला नाय का लागत?"

"लागतं," ती म्हणाली. "सगळ्यांनाच लागतं."

मुलगा शिवराज शेंद्र्याच्याच औद्योगिक वसाहतीत कामाला होता. पाळी संपली की कारखान्याच्या गणवेशातच यायचा.

सहाव्या दिवशी आवडाबाईंना तोंडानं पेज सुरू झाली. हातात साधी सलाइनची सुई होती, औषधं तिच्यातून देता आली असती. गळ्यातल्या नळीचं काम संपलं होतं. त्या सकाळी कुणीतरी विचारायला हवं होतं, आज ही नळी हवीच आहे का. राउंड झाला, पण सोळा खाटा पंचवीस मिनिटांत. सात नंबरशी डॉक्टर थांबले, पोटाला हात लावून 'छान' म्हणाले आणि पुढं गेले. त्यांच्याबरोबर चालणारी नर्स त्याच वेळी नऊ नंबरच्या व्हेंटिलेटरचा अलार्म बंद करायला धावली होती.

अश्लेषा त्या दिवशी जिन्याखालच्या खोलीत होती. पुण्यातल्या एका परिषदेसाठी स्लाइड बनवत होती. विषय होता, आपल्या रुग्णालयानं नळीचे संसर्ग कसे कमी केले. सहावा आणि सातवा, दोन्ही दिवस ती त्यातच होती. आयसीयूत ती गेलीच नाही.

आठव्या दिवशी पहाटे आवडाबाईंना हुडहुडी भरून ताप आला. दुपारपर्यंत रक्तदाब खाली गेला. नळी काढून दुसऱ्या जागी नवी घातली, जुनीचं टोक आणि रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. नळीच्या टोकाला आणि रक्तात एकच जंतू होता, बहुतेक औषधांना दाद न देणारा. ज्या एक-दोन औषधांना तो दबण्याची शक्यता होती, त्यांनी किडनीला त्रास होतो.

रिपोर्ट हातात घेऊन अश्लेषा सात नंबरशी आली तेव्हा शिवराज आईच्या पायाशी उभा होता. त्यानं खाटेला अडकवलेला तक्ता काढून हातात घेतला होता. आवडाबाई झोपेत होत्या, श्वास भरभर चालू होता.

"मॅडम, एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा."

"हे तुमचं चेकशीट. आमच्याकडं बी असतं असंच. मी क्वालिटीलाच हाये." त्यानं तक्ता तिच्यापुढं धरला. "आता साडेअकरा वाजलेत. बाराच्या खान्यात टिक हाये. चारच्या बी हाये."

तिनं पाहिलं. बाराची खूण होती, चारचीही. मागची पानंही त्याच्याच हातात होती. दहा दिवसांच्या खुणा, एका ओळीत, एकाच पेनाच्या, एकाच बाजूला कललेल्या. सहाव्या दिवशीच्या 'नळीची गरज विचारली' या रकान्यातही खूण होती.

"आमच्याकडं बी पोरं असंच करतात," शिवराज म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "सकाळीच सगळे खाने भरून टाकायचे. ऑडिट आलं की कागद चोख. मी बघितल्या बघितल्या वळखतो. खऱ्या टिका अशा सारख्या येत नाहीत. कधी पेन बदलतं, कधी घाई असती, कधी डाग पडतो. ह्या खोट्या हायेत ना?"

अश्लेषानं आजूबाजूला पाहिलं नाही. "हो," ती म्हणाली. "खोट्या आहेत."

त्यानं मान हलवली. त्याला बहुतेक दुसरं काहीतरी उत्तर अपेक्षित होतं, आणि ते खोडून काढायची तयारी करून तो आला होता.

"तिथं पार्ट भंगारात जातो," तो म्हणाला. "दुसरा बनवता येतो."

"तुम्ही लेखी तक्रार करा. मी सांगते म्हणून लिहा. माझं नाव घाला."

"केली असती. पण माय अजून आत हाये ना, मॅडम. उद्या कोण लागलं तिच्याकडं बघायला, त्याच्या मनात राहील." त्यानं तक्ता पुन्हा जिथल्या तिथं अडकवला, सरळ केला. "दुसरीकडं हलवू का? खरं सांगा."

तिनं आवडाबाईंच्या भरभर चालणाऱ्या श्वासाकडं पाहिलं. या अवस्थेत ॲम्ब्युलन्समध्ये घालणं धोक्याचं होतं. आणि शहरातल्या दुसऱ्या ठिकाणी काय चालतं हे तिला माहीत नव्हतं. तिथं भिंतीवर आलेखच नव्हते.

"हलवण्यासारखी परिस्थिती नाही," ती म्हणाली.

तक्त्यावर सही निशाची होती. निशा वाघमारे, दोन वर्षांपासून आयसीयूत, अश्लेषानं स्वतः शिकवलेली. भिंतीवरचे ठिपके सगळ्यात हौसेनं काढणारी तीच. अश्लेषानं तिला चहाच्या सुट्टीत जिन्याखालच्या खोलीत बोलावलं. अश्लेषानं काही विचारायच्या आधीच निशानं सांगितलं.

"भरले मी. सकाळी आल्या आल्या भरते. सगळ्याच भरतो, मॅडम. कागद कोरा दिसला की मेमो मिळतो. पट्टी नाही बघितली तर मेमो नाही मिळत, ते कुणाला दिसतच नाही."

"मला सांगायचंस."

"तुम्हाला सांगून?" तिनं उद्धटपणे विचारलं नव्हतं. "तुम्ही वर सांगितलं होतं ना. सगळ्यांना माहीत आहे तुम्ही सांगितलं होतं ते. सहा पेशंट होते माझ्याकडं त्या आठवड्यात. दोन व्हेंटिलेटरवर. एकाचं हृदय बंद पडलं, त्याच्या छातीवर अर्धा तास दाब देत होते. मावशींची पट्टी त्या दिवशी सुटलेली मला दिसली होती. म्हटलं, हे झालं की बदलते. मग विसरले." तिनं बाहीनं डोळे पुसले. "त्या मला पोरी म्हणायच्या. पोरी, जेवलीस का."

अश्लेषानं तिला पाण्याचा ग्लास दिला. निशाला रागवायला हवं असं तिला वाटत होतं, पण पाच वेळा का विचारून ती ज्या ठिकाणी पोचली होती तिथं निशा नव्हती. तिथं सोळा खाटा होत्या, आणि स्लाइड बनवत बसलेली ती स्वतः होती.

संध्याकाळी डॉ. रत्नपारखींनी बोलावलं. समोर तिनंच भरलेला संसर्गाचा अर्ज होता. 'रुग्णालयात झालेला' या ओळीवर तिनं खूण केली होती.

"पोटात पू घेऊन आलेली बाई आहे," डॉक्टर म्हणाले. "जंतू पोटातून रक्तात गेला असं म्हणता येतं. 'दाखल होताना असलेला' म्हणून नोंद करू."

"सर, पोटातल्या पुवाचा रिपोर्ट आहे. तो जंतू वेगळा होता. हा नळीच्या टोकावरचा आहे."

"मला वाचता येतं, अश्लेषा." ते थकलेले दिसत होते. "पुढच्या महिन्यात पथक पुन्हा येतंय. मानांकन गेलं तर सरकारी योजनेतले पेशंट बंद होतील. गरीब लोक कुठं जातील, सांग. या एका खुणेनं त्या बाईला काही फरक पडणार आहे का?"

"त्यांना नाही पडणार."

"मग?"

"खूण बदलली तर हे झालंच नाही असं होईल. झालंच नाही तर खाटा कमी का करायच्या, नर्स का वाढवायच्या? मी सही नाही करणार, सर."

ते रागावले नाहीत. अर्ज घेऊन त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवला. दोन दिवसांनी महिन्याचा अहवाल निघाला, त्यात सही मेडिकल सुपरिंटेंडंटची होती. नळीचे संसर्ग: शून्य. भिंतीवरच्या आलेखावर कुणीतरी ठिपका काढला होता, खाली, शून्याच्या रेषेवर. अश्लेषा बराच वेळ त्याच्यासमोर उभी राहिली. मग तिनं पुण्याच्या परिषदेला कळवलं, की मी येत नाही. कारण विचारलं तेव्हा तब्येतीचं सांगितलं.

घरी श्रीरंगला तिनं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "नोकरी सोड."

"सोडते. मग तिथं 'रुग्णालयात झालेला' म्हणणारं एकही माणूस राहणार नाही."

"आत्ता तू आहेस, तर काय झालं?"

हा प्रश्न त्यानं टोमणा म्हणून विचारला नव्हता. तरी ती उठून गॅलरीत गेली.

आवडाबाईंची किडनी सोळाव्या दिवशी थांबली. डायलिसिस सुरू केलं, दोनदा ते मध्येच बंद करावं लागलं. मधूनच शुद्धीवर यायच्या तेव्हा नळ्या ओढायच्या, म्हणून हात बांधून ठेवले होते. नानासाहेब वीसपर्यंत मोजून, हात धुऊन आत यायचे आणि बांधलेल्या हातावर आपला हात ठेवून उभे राहायचे. अश्लेषा आता रोज सकाळी तिथं असायची. सात नंबरचा तक्ता ती स्वतः भरायची, पट्टी स्वतः बघायची, बोळा स्वतः घासायची. नव्या नळ्यांपैकी एकीतूनही काही झालं नाही. त्याचा उपयोग होण्याची वेळ निघून गेली होती हे तिला ठाऊक होतं, नानासाहेबांना नव्हतं. ते तिला म्हणायचे, "तुम्ही हायेत म्हणून धीर हाये, बाई."

एकविसाव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आवडाबाई गेल्या.

शिवराज कागदांवर सह्या करत होता. मृत्यूच्या दाखल्यावर पोटातल्या संसर्गाचं नाव होतं, नळीचं नव्हतं. त्यानं वाचलं, दोनदा वाचलं आणि अश्लेषाकडं पाहिलं. ती काउंटरच्या पलीकडं उभी होती. तिनं खिशातून तिच्या अर्जाची झेरॉक्स काढून त्याला दिली. ड्रॉवरमध्ये जायच्या आधी काढलेली. त्यावर तिची सही होती आणि खूण होती त्याच जागी.

"हे घेऊन कुठं जायचं?" त्यानं विचारलं.

"मेडिकल कौन्सिल. ग्राहक मंच. वकील लागेल. वर्षं लागतील."

"तुमची नोकरी?"

"ते माझं मी बघेन."

त्यानं कागदाची घडी घालून गणवेशाच्या खिशात ठेवला. नानासाहेब बाकावर बसले होते, पायांत चपला नव्हत्या; आयसीयूच्या दारातच राहिल्या होत्या. शिवराजनं त्या आणून त्यांच्या पायाशी ठेवल्या.

तो कागद पुढं कुठं गेला, गेला का नाही, हे अश्लेषाला कधी कळलं नाही. महिनाभर तिला रोज नोटीस येईल असं वाटायचं. आली नाही. आली असती तर बरं झालं असतं असंही तिला वाटायचं.

तक्त्यावरच्या खोट्या खुणांची चौकशी मात्र झाली. कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं, 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा'. निशाला मेमो मिळाला आणि तिनं त्याच आठवड्यात राजीनामा दिला. उपायाच्या रकान्यात लिहिलं होतं, सर्व नर्सना हात धुण्याचं प्रशिक्षण पुन्हा द्यावं. जबाबदार व्यक्ती: अश्लेषा पाठक.

प्रशिक्षणाला चारजणी आल्या. नुकत्याच पास झालेल्या, परभणीच्या, बीडच्या. तिनं बेसिनशी उभं राहून तळहात, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या दाखवल्या. मुली लक्ष देऊन बघत होत्या. एकीनं वहीत चित्र काढून घेतलं.

तिथून ती आयसीयूत गेली. सोळाच्या सोळा खाटा भरलेल्या होत्या. अकरा रुग्णांच्या गळ्यात नळी होती. ती पहिल्या खाटेपासून सुरुवात करून प्रत्येकाचे कागद बघत गेली. तिघांना नळीची गरज उरली नव्हती. एकाला तर तीन दिवसांपासून नव्हती. तिनं डॉक्टरांना फोन लावला. ते ऑपरेशनमध्ये होते. दुसऱ्यांना लावला, त्यांनी उचलला नाही. सात नंबरवर आता पैठणचे एक मास्तर होते, त्या तिघांपैकी एक. त्यांनी विचारलं, "सिस्टर, ही गळ्यातली कधी काढणार? फार टोचते हो."

"डॉक्टर आले की विचारते," अश्लेषा म्हणाली, आणि पुन्हा फोन लावून खाटेशीच उभी राहिली.